टॉम पकडून राहिला

मराठी मध्यमवर्गीय माणसाला उभ्या आयुष्यात परवडणारी कोटी एकच, ती म्हणजे शब्दावरची. बाकीच्या कोटी वर्तमानपत्रात वाचायच्या, कुणी बुडवल्या ते पाहायचं आणि पान उलटायचं. शब्दावरच्या कोटीला जामीनदार लागत नाही, हप्ता भरावा लागत नाही, आणि बुडालीच तर आपलं काही जात नाही. जातं ते ऐकणाऱ्याचं.

या उद्योगाला नागपूरचं हवामान फार मानवतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पलीकडे गेला की माणसाला हातपाय हलवणं नको होतं. मग हलवायला जीभ तेवढी उरते. धरमपेठेतल्या एका टपरीवर सकाळी सातच्या सुमाराला आम्ही पाच जण तर्री-पोह्यांच्या साक्षीनं हा उद्योग चालवतो. एक निवृत्त शाळामास्तर, एक बँकवाले, एक वकील, एक दातांचे डॉक्टर आणि पाचवा मी. राजकारण हा विषय आम्ही बंद केला आहे, कारण त्यापायी दोघांचं बोलणं चार महिने बंद पडलं होतं. प्रकृती हा विषय डॉक्टरांनी बंद केला, कारण ते दातांचे असूनही लोक त्यांना गुडघे दाखवत. उरला विषय एकच, कार्टून.

तुम्ही म्हणाल, साठी उलटलेल्या गृहस्थांना हे शोभतं का? पण जरा वयाचे दाखले काढा. मिकी माऊस १९२८ चा, पॉपाय १९२९ चा, डोनाल्ड डक १९३४ चा, टॉम आणि जेरी १९४० चे. सगळे आमच्याहून वयानं मोठे! म्हणजे आम्ही पोरखेळ करत नसून वडीलधाऱ्यांची विचारपूस करतो. ती करताना जीभ थोडी सैल सुटते, एवढंच. आपल्याकडे वडीलधाऱ्यांची खरी विचारपूस त्यांच्या पाठीमागेच होत असते.

आता कवितेला समीक्षक आहेत, कादंबरीला आहेत, नाटकाला तर प्रेक्षकांपेक्षा समीक्षक जास्त आहेत. टपरीवरच्या या मौखिक वाङ्मयाला मात्र कुणी वाली नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हा प्रपंच.

या वाङ्मयाचा पहिला प्रकार नामकरणाचा. त्यातली सर्वश्रेष्ठ कृती वकीलसाहेबांच्या नावावर आहे. पॉपाय नावाचा तो खलाशी आठवतो ना? पालकाचा डबा उघडून घशात ओतला की ज्याचे दंड टमाट्यासारखे फुगतात तो. वकीलसाहेब त्याला ‘पालकमंत्री’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही नुसते हसलो. घरी गेल्यावर कळलं की ही कोटी दिसते त्याहून खोल आहे. पालकमंत्री हा प्रत्येक जिल्ह्याला एक असतो. एरवी तो निवांत असतो. जिल्ह्यात काहीही झालं तरी पहिली दहा मिनिटं मार खाण्यात जातात. मग कुठून तरी डबा उघडतो आणि दंडात एकदम जोर येतो. डबा कुणाच्या पैशाचा, हे पॉपायच्या चित्रपटातही कुणी विचारत नाही.

समीक्षक म्हणून माझं म्हणणं असं, की चांगली कोटी दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. ‘पालकमंत्री’ ऐकल्यावर पॉपाय नव्यानं दिसतो आणि पालकमंत्रीही नव्यानं दिसतो. याउलट बँकवाल्यांची कोटी घ्या. प्राण यांच्या ‘चाचा चौधरी’त साबू नावाचा एक अगडबंब गडी आहे, गुरू ग्रहावरून आलेला. बँकवाले त्याला ‘साबूदाणा’ म्हणतात आणि स्वतःच हसतात. यानं साबूबद्दल काही कळत नाही आणि दाण्याबद्दलही कळत नाही. अशी कोटी उपासाला चालते, पण पोट भरत नाही.

मिकी माऊसच्या बाबतीत डॉक्टरांनी चांगली मजल मारली आहे. त्यांच्या मते जगात नावारूपाला आलेले उंदीर दोनच. एकावर गणपती बसला आणि एकावर धनपती. मिकीचं पहिल्या बोलपटातलं मूळ रूप १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळं झालं. आता ते कुणीही वापरावं. ही बातमी डॉक्टरांनी वाचून दाखवली आणि म्हणाले, “म्हणजे मिकी आता सार्वजनिक झाला. मंडळ काढू या, वर्गणी मास्तरांनी गोळा करावी.” या कोटीत ज्ञान आहे, नेमकेपणा आहे, आणि शिवाय वर्गणीतून स्वतःला वगळण्याची अस्सल नागपुरी दूरदृष्टी आहे.

आमच्या पिढीचा खरा जिव्हाळा मात्र वेताळावर. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झालं आणि १९९० साली बंद पडलं. इंग्रजीबरोबर ते मराठीतही निघत असे. ली फॉक यांचा फँटम त्यात मराठी बोलायचा आणि वेताळ म्हणून वावरायचा. आता हे धाडस पाहा! आपला वेताळ म्हणजे भुतांचा राजा, विक्रमाच्या पाठुंगळीला बसून कोडी घालणारा. त्याचं नाव एका घोड्यावर बसणाऱ्या, जांभळे घट्ट कपडे घालून चट्ट्यापट्ट्याची चड्डी वरून चढवणाऱ्या इसमाला दिलं, आणि आम्हा पोरांना त्यात काडीचंही खटकलं नाही. चड्डीचा प्रश्नही आम्ही विचारला तो पन्नाशीनंतर. कथेप्रमाणे हा वेताळ वंशपरंपरेनं एकविसावा आहे. त्यावर मास्तर म्हणाले, “म्हणजे वेताळ पंचविशीला अजून चार कमी.” ही कोटी समजायला दोन्ही वेताळ ठाऊक असावे लागतात. ज्यांना एकच ठाऊक आहे त्यांनी कृपया पोहे खावेत.

दुसरा प्रकार नात्यांचा. इथे मराठी भाषा इंग्रजीपेक्षा सरळ सरळ श्रीमंत आहे. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी डकटेल्स लागायचं तेव्हा आमच्या मुलांनी ते बघितलं, आणि मुलं उठून जात नाहीत म्हणून आम्हीही बघितलं. त्यात अंकल स्क्रूज नावाचं अतिश्रीमंत बदक आहे. कार्ल बार्क्स यांनी ते १९४७ साली निर्माण केलं. आता हे ‘अंकल’ कोण? काका, मामा, की आत्याचे यजमान? इंग्रजीला पर्वा नाही. वकीलसाहेबांनी वारसाहक्काची केस लढवावी तशी वंशावळ काढली. स्क्रूज हा डोनाल्डच्या आईचा भाऊ. म्हणजे मामा. ती तीन टवाळ पोरं, ह्युई, ड्युई आणि लुई, ही डोनाल्डच्या बहिणीची. म्हणजे डोनाल्डही मामाच! बदकांचं हे सबंध शहर म्हणजे मामाचं गाव निघालं.

इथपर्यंत संशोधन झालं. कोटी पुढे आहे. मराठीत मामा असणं वेगळं आणि मामा बनणं वेगळं. डोनाल्ड नात्यानं मामा आहे आणि भाचे त्याला रोज मामा बनवतात. स्क्रूज नात्यानं मामा आहे, पण त्याला मामा बनवणारा अजून जन्मला नाही, म्हणून तर तो श्रीमंत! अख्ख्या मालिकेचं अर्थशास्त्र एका मराठी वाक्प्रचारात उलगडलं. एरवी माणसं पैसा पाण्यासारखा खर्च करतात. स्क्रूजनं तो वाक्प्रचार फक्त अर्धा ऐकला आणि तिजोरीत पोहायला उतरला.

डोनाल्डचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. त्याच्या अंगात खलाशाचा सदरा आणि खाली काहीच नाही, यावर जगभर विनोद झाले आहेत. त्यात भर घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग २०२० साली टाळेबंदी आली आणि वकीलसाहेब घरून कामाला बसले, वर काळा कोट नि बँड, खाली बर्म्युडा. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “डोनाल्ड हे १९३४ पासून करून राहिला.”

तिसरा प्रकार जरा गंभीर आहे. त्याला मी ‘अनुभवाची कोटी’ म्हणतो. यात शब्द कमी आणि पेन्शन जास्त असते.

साबूदाण्याबद्दल मी बँकवाल्यांना बोललो, पण टॉमबद्दल त्यांच्याइतकं मर्मग्राही कुणी बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. टॉम-जेरीचा पहिला चित्रपट १९४० चा. हॅना आणि बार्बेरा या जोडगोळीनं काढलेला. त्यात बोक्याचं नाव अजून टॉम पडलेलं नाही, जॅस्पर आहे. त्याची गोष्ट अशी. घर सांभाळणारी बाई बोक्याला ताकीद देते, यापुढे एक जरी वस्तू फुटली तर तुला घराबाहेर काढीन. उंदीर हे ऐकतो. आणि मग तो उंदीर राहत नाही. तो हातात काचेचं भांडं घेऊन बोक्याला धमकावायला लागतो. पाडू का? पाडू? बोका बिचारा उशा पसरतो, भांडी झेलतो, धावाधाव करतो.

“हा उंदीर-मांजराचा खेळ नाही,” बँकवाले म्हणाले, “ही मेमो मिळालेल्या कारकुनाची कथा आहे. फोडणारा वेगळा, झेलणारा वेगळा, आणि चौकशी झेलणाऱ्याची.” एवढं बोलून त्यांनी तर्री मागवली. पस्तीस वर्षं काउंटरच्या मागे काढलेला माणूस आहे. त्याच्या हातातून काय काय फुटलं नि त्यानं काय काय झेललं, ते आम्ही विचारलं नाही. टॉम-जेरीच्या चित्रपटांना एकूण सात ऑस्कर मिळाली. त्यातलं एकही बोक्याच्या हातात नाही. त्याच्या वाट्याला केरसुणी.

तेव्हापासून मी टॉम बघताना जेरीच्या बाजूनं टाळ्या वाजवत नाही. लहानपणी सगळेच जेरीच्या बाजूचे असतात. टॉमची बाजू दिसायला निदान दोन बदल्या आणि एक रखडलेली बढती लागते.

आता चौथा प्रकार, व्याकरणाचा. समीक्षक म्हणून माझ्या मते हा सर्वांत मोलाचा, आणि तो मास्तरांचा.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पुण्याचा माणूस ‘मी येतोय’ म्हणतो. आम्ही ‘मी येऊन राहिलो’ म्हणतो. ‘काय करतोयस?’ला आमच्याकडे ‘काय करून राहिला बे?’ हा पर्याय आहे. हे ‘राहिला’ हिंदीच्या शेजारानं आलं असं जाणकार सांगतात. आलं असेल. शेजाऱ्याकडून वाटी आली तर आपण काही ती फेकून देत नाही. माझे पुण्याचे मेहुणे मात्र या ‘राहिला’वर चाळीस वर्षं हसून राहिले आहेत. “कुठे राहिला?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

मास्तरांचं म्हणणं असं. ‘टॉम जेरीला पकडतो’ हे वाक्य मराठीत शुद्ध आहे, पण खोटं आहे. पकडतो म्हटलं की पकडलं. ‘पकडत आहे’ म्हटलं तरी कुठेतरी आशा वाटते की मिनिटाभरात पकडेल. पण ‘टॉम जेरीले पकडून राहिला’, यात सगळं आलं! १९४० साली त्यानं सुरुवात केली आणि तो अजून पकडूनच राहिला आहे. काम चालू आहे, संपलेलं नाही, संपण्याचं चिन्हही नाही. कार्टूनचा काळ हा साधा वर्तमानकाळ नव्हे, तो नागपुरी काळ आहे.

पुढचं उदाहरण ऐका. चक जोन्सनं १९४९ साली रोड रनर नावाचा पळपुटा पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी हा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी काढला. कोल्हा धावत धावत कड्याच्या पुढे जातो. खाली जमीन नाही. पण तो पडत नाही. हवेत उभा राहतो. मग खाली बघतो, आपल्याकडे बघतो, आणि मगच पडतो. पडतो तो थेट दरीच्या तळाशी, धुळीचा एक छोटा ढग उठवून. याला मास्तरांचं वाक्य आहे, “कोल्हा पडून राहिला.”

आता हे नागपुरी कानानं ऐका. कोल्हा पडतो आहे. तेच पुणेरी कानानं ऐका. कोल्हा पडला तो तिथेच पडून राहिला. वर कड्यापाशी नागपुरी अर्थ, खाली तळाशी पुणेरी अर्थ, आणि मधली सगळी दरी एका क्रियापदात! मेहुण्यांना हे ऐकवलं तेव्हा ते पहिल्यांदाच ‘कुठे राहिला?’ म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी लगेच ‘मरून राहिला’ काढलं. नागपुरात माणूस मरून राहतो म्हणजे मरायला टेकतो. कार्टूनमध्ये सगळेच मरून राहतात, पण मेलेलं कुणी राहत नाही. पुढच्या दृश्यात अंगावर एकही ओरखडा नसतो.

आम्ही सगळे हसत होतो, आणि मास्तर चहाच्या कपात बघत होते. म्हणाले, “तीस वर्षं मी मराठी शिकवलं. पोरांच्या निबंधात ‘येऊन राहिलो’ दिसलं की लाल शाईनं काट मारायची आणि वर ‘येत आहे’ लिहायचं. घरी जाऊन आईशी मात्र मी तेच बोलत होतो. आता या कोल्ह्यानं माझी लाल शाई काढून घेतली.”

यावर कुणी कोटी केली नाही. आमच्या टपरीच्या इतिहासात ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

म्हणूनच पाचव्या प्रकाराबद्दल मला थोडं कठोर व्हावं लागणार. हल्ली मोबाईलवर चित्रफिती फिरत असतात. कार्टून जुनंच, आवाज नवा. टॉम वऱ्हाडीत बोलतो, जेरी नागपुरीत शिव्या घालतो. (या दोन बोली बहिणी आहेत, जुळ्या नव्हेत, पण मुंबई-पुण्याच्या कानाला सगळं एकच.) अशी एक चित्रफीत मेहुण्यांनी मोठ्या प्रेमानं आम्हाला दाखवली. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आम्हीही हसलो. मास्तर हसले नाहीत. मेहुण्यांनी विचारलं, “मास्तर, आवडलं नाही?” मास्तर म्हणाले, “टॉमनं काय केलं त्यावर तुम्ही हसले नाही भाऊ. तो कसा बोलला त्यावर हसले. तसं तर माझी आई बोलत होती.”

त्यांना न दुखवता मुद्दा स्पष्ट करायचा तर असं म्हणता येईल. बोलीत विनोद करणं आणि बोलीचा विनोद करणं यात फरक आहे. ‘पडून राहिला’मध्ये बोली काम करते. ती काढून घेतली तर विनोद मरतो, कारण तो विनोद तिनंच पाहिलेला असतो. त्या चित्रफितीत बोली नुसती नाचते. टॉमच्या तोंडी ‘काऊन बे’ घातलं आणि झालं. तिथे ‘काऊन’च्या जागी दुसऱ्या कुठल्याही मुलखाची बोली बसवली तरी चालतं, फक्त ती ऐकणाऱ्याच्या घरची नसली पाहिजे. एवढी एकच अट. मास्तरांची लाल शाई आणि मेहुण्यांचं हसू ही एकाच दौतीतली, एवढंच मला म्हणायचं आहे.

याचा अर्थ बोलीतून लोकांना हसवू नये असा नव्हे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं पन्नासवर माणसं उभी केली. (ते वऱ्हाड लग्नाचं होतं, आमचं नव्हे. बोली मराठवाड्याची.) तिथे आपण बोलीला हसत नाही, त्या माणसांच्या गोंधळाला, भाबडेपणाला हसतो, आणि हसता हसता त्यांच्याबरोबर विमानात बसतो. ती माणसं आपल्याला ओळखीची होतात. चित्रफितीतला टॉम शेवटपर्यंत अनोळखीच राहतो.

मेहुण्यांनी यावर दुसरा बाण काढला. म्हणाले, मुळात चित्राला शब्द हवेत कशाला? शि. द. फडणीसांचं बघा. मुद्दा बिनतोड आहे. २०२५ साली शंभरी गाठणाऱ्या फडणीसांनी आयुष्यभर शब्दाविना हसवलं. त्यांचं एक गाजलेलं मुखपृष्ठ आहे, ज्यात एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. बस्स. टॉम आणि जेरी दोघंही आले, पळापळ नाही, आदळआपट नाही, आणि एक अक्षर नाही. खरा टॉमही फारसा बोलत नाही, किंचाळतो तेवढा.

पण म्हणूनच तर आमची जबाबदारी वाढते. जे चित्र शब्दांवाचून पुरेपूर उभं आहे, त्याला शब्द जोडायचा तर त्या शब्दानं चित्राला न दिसलेलं काही पाहिलं पाहिजे. पालकमंत्र्यानं पाहिलं. मामानं पाहिलं. मेमोवाल्या कारकुनानं तर फारच पाहिलं. साबूदाण्यानं काही पाहिलं नाही, पण त्यानं कुणाला दुखावलंही नाही, म्हणून त्याला सात मार्क देऊन पास करतो. चित्रफितीला मात्र मास्तर जो काही शेरा देतील तो माझा.

आदर न बाळगता हसणं आम्हा नागपूरकरांना कुणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवर काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा प्रकार चालू आहे. बरोबर बडगे निघतात, म्हणजे बांबू-कागदाचे मोठाले पुतळे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी जो डोक्यात गेला असेल त्याचा. रस्त्यावरून चालणारी व्यंगचित्रंच ती! लोक इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडतात, हसतात, आणि शेवटी सगळं पेटवून देतात. त्यात बडगा नेहमी मोठ्याचा असतो. आजवर कुणी गरीब शेजाऱ्याचा किंवा त्याच्या बोलण्याचा बडगा काढल्याचं मी पाहिलेलं नाही. टपरीवरच्या विनोदाला याहून वेगळी समीक्षेची कसोटी हवी कशाला?

सर्व बाजूंचा साकल्यानं विचार करता, या पंचकाच्या वाङ्मयात ‘पडून राहिला’ ही कृती अव्वल ठरते. मास्तरांना तसं कळवलं. ते म्हणाले, “बक्षीस काय?” वकीलसाहेबांनी ठराव मांडला की मास्तरांच्या चहाचे पैसे आजपासून मंडळानं द्यावेत. ठराव एकमतानं मंजूर झाला. आता मंडळ म्हणजे नेमकं कोण, यावर चर्चा चालू आहे. बँकवाले खिशात हात घालून राहिले आहेत. नागपुरी अर्थानं की पुणेरी, ते अजून समजलेलं नाही.